अल्ट्रा आणि हूलिगन एकाच माळेचे मणी नाहीत

युरोपातल्या एखाद्या फुटबॉल स्टेडियमात लाल धूर दिसला की आपल्याकडचा मथळा ठरलेला असतो: ‘हुल्लडबाज प्रेक्षकांचा धिंगाणा’. खालच्या मजकुरात अल्ट्रा आणि हूलिगन हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल फिरवलेले असतात, जणू एक इटालियन नाव आणि दुसरं इंग्रजी, एवढाच काय तो फरक. रात्री जागून चॅम्पियन्स लीग बघणारी, गाडी पकडून सावंतवाडीहून गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमाला जाणारी जाणती मंडळीही हेच बोलतात. मग क्लबने या लोकांचं काय करावं यावर जी चर्चा होते, ती पहिल्या वाक्यापासूनच चुकलेली असते.

हूलिगन सगळ्यांना माहीत आहे, त्याला थोडक्यात उरकू. त्याला मारामारी हवी असते, सामना हे निमित्त. इंग्लंडमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत त्यांच्या टोळ्यांना ‘फर्म’ म्हणत. वेस्ट हॅमची इंटर सिटी फर्म, मिलवॉलचे बुशव्हॅकर्स ही त्यातली गाजलेली नावं. पोलिसांच्या नजरेत येऊ नये म्हणून ते क्लबचा रंग अंगावर घालणं टाळत आणि महागड्या ब्रँडचे कपडे घालून फिरत. त्यावरून ‘कॅज्युअल्स’ हे नाव पडलं. पोलंडमध्ये तर दोन टोळ्या वेळ आणि माणसांची संख्या ठरवून जंगलात भिडतात, तिथे फुटबॉलच्या सामन्याचीही गरज उरत नाही. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमात लिव्हरपूलचे प्रेक्षक इटलीच्या युव्हेंटसच्या लोकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपातल्या स्पर्धांबाहेर राहिले, लिव्हरपूल सहा.

याच दमात इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमाचं नाव घेणाऱ्यांना मात्र थांबवायला हवं. १५ एप्रिल १९८९ ची ती चेंगराचेंगरी होती, दंगल नव्हती. ९७ बळी गेले. २०१६ मध्ये ज्युरीने ही बेकायदेशीर मनुष्यहानी ठरवली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता असं स्पष्ट सांगितलं. पोलिसांनी फाटक उघडून आधीच भरलेल्या, जाळीबंद भागात आणखी लोंढा सोडला होता. याला हुल्लडबाजी म्हणणं म्हणजे जत्रेत चेंगरून मेलेल्यालाच दंगेखोर ठरवणं.

आता अल्ट्रा, म्हणजे क्लबच्या कट्टर समर्थकांचा संघटित गट. हा प्रकार इटलीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. मिलानचा ‘फॉसा देई लिओनी’ हा गट १९६८ चा. क्रोएशियातल्या हायदुक स्प्लिटची ‘तॉर्सिदा’ त्याहून जुनी, १९५० ची. तिने नाव आणि प्रेरणा ब्राझीलच्या प्रेक्षकांकडून घेतली. गोलपोस्टमागचा स्टँड ही यांची जागा, इटलीत तिला ‘कुर्वा’ म्हणतात. पुढे कठड्यावर ‘कापो’ उभा असतो. हातात भोंगा, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे, त्यामुळे आपल्याच संघाचा गोल त्याला कित्येकदा दिसतही नाही. आठवडाभर गोदामात रंगवलेला स्टँडभर पडदा सामन्याच्या सुरुवातीला उलगडतो, तो ‘टिफो’. त्यासाठी वर्गणी असते, कामाच्या वाटण्या असतात आणि न आलेल्याला बोलणीही असतात.

कपडे, ढोल, गाणी, वय हे फरक दाखवता येतील, पण त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणि ‘अल्ट्रा शांत, हूलिगन हिंसक’ ही सर्वांना आवडणारी व्याख्या साफ चुकीची आहे. अल्ट्राही मारामाऱ्या करतात. एकमेकांचे बॅनर पळवतात. मुख्य बॅनर गेला तर गटच विसर्जित करायचा, असा त्यांच्यातला अलिखित रिवाज आहे. मग फरक कुठे?

फरक क्लबशी असलेल्या नात्यात आहे, आणि कोकणातल्या वाचकाला तो समजायला इटलीत जायची गरज नाही, शिमग्यात जावं. पालखी सहाणेवर येते, घरोघर फिरते. तिला पहिला खांदा कोणी द्यायचा, निशाण कोणी धरायचं, आधी कोणत्या वाडीत न्यायची, हा मानकऱ्यांचा मान. तो डावलला तर माणूस देव सोडत नाही, उलट देवासाठीच भांडायला उभा राहतो. ‘देव आमचा आहे, ट्रस्टी येतील आणि जातील.’ पालखी देवळातच अडकून पडते, तहसीलदार येतात, पोलीस बंदोबस्त लागतो. त्याच शिमग्यात दुसरा एकजण दारू पिऊन कोणाशी तरी हिशेब चुकता करायला आलेला असतो. पालखी निघाली काय, न निघाली काय, त्याला फरक पडत नाही. उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत तो तेच करील. पोलिसांच्या वहीत दोघांची नावं एका पानावर येतात, पण गावाला दोघांशी एकसारखं वागता येत नाही.

अल्ट्रा हा मानकरी आहे. क्लबवर आपला हक्क आहे असं तो मानतो: रंगावर, नावावर, तिकिटाच्या दरावर, सामन्याच्या वेळेवर. हूलिगनचा क्लबवर कसलाच दावा नसतो, त्याच्या लेखी क्लब म्हणजे नुसता पत्ता.

म्हणून संकटात दोघं वेगळे ओळखू येतात. २००५ मध्ये रेड बुल या पेयाच्या कंपनीने ऑस्ट्रिया साल्झबुर्ग हा क्लब विकत घेतला, नाव बदललं आणि जांभळा रंग काढून लाल-पांढरा आणला. कट्टर समर्थकांनी बोलणी करून पाहिली, ती फसली, तेव्हा त्यांनी जुन्या नावाचा, जांभळ्याच रंगाचा नवा क्लब काढून खालच्या स्तरापासून सुरुवात केली. जर्मनीत २०२४ च्या फेब्रुवारीत लीगचा काही वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा बेत होता. तेव्हा स्टँडमधून मैदानात टेनिस बॉलचा पाऊस पडू लागला. आपल्याकडे ज्या चेंडूवर अख्ख्या गावाच्या स्पर्धा होतात, त्याच चेंडूने तिथे एकामागून एक सामने थांबवले. २१ फेब्रुवारीला लीगने तो बेत गुंडाळला. कोलकात्यातही विलीनीकरणात जोडली गेलेली ‘एटीके’ ही अक्षरं नावातून काढा म्हणून मोहन बागानचे समर्थक मागे लागले होते. २०२३ मध्ये ती निघाली. यातल्या एकाही प्रकरणात हूलिगन दिसत नाही. मालक बदलल्याची बातमी तो वाचतही नसेल.

एखाद्या गटाबद्दल शंका असेल तर तो मारामारी करतो का हे विचारू नका. सामना नसलेल्या दिवशी तो काय करतो ते विचारा. पडदा रंगवत असेल, व्यवस्थापनाला पत्र लिहीत असेल, दरवाढीविरुद्ध बहिष्कार जाहीर करत असेल, तर अल्ट्रा. फक्त समोरच्या टोळीचा ठावठिकाणा शोधत असेल, तर दुसरा. आणि तिसराही एक असतो, त्याला या दोन्हींत कोंबू नये. २०२५ च्या ऑक्टोबरात सौदीचा अल नस्र क्लब फातोर्ड्याला खेळायला आला तेव्हा एकजण सेल्फीसाठी मैदानात घुसला. त्याला ना मान हवा होता ना मारामारी, फक्त फोटो. त्याच्यावर उपाय एकच: कुंपणाजवळचे स्वयंसेवक सामना बघत उभे राहू नयेत, तोंड प्रेक्षकांकडे ठेवावं.

क्लबची चूक नेमकी इथे होते. अल्ट्राला हूलिगन समजून संपूर्ण स्टँड बंद केला की त्यातले नव्वद नुसते गाणारे आणि दहा हात उगारणारे लोक एका बाजूला येतात. ते दहा काल एकटे होते, आज त्यांना नव्वदांची ढाल मिळाली. उलट हूलिगनला मानकरी समजून चर्चेला बोलावलं की त्याला क्लबच्या कचेरीची वाट कळते, आणि पुढच्या वेळी तो ‘गडबड होऊ नये’ याची किंमत सांगतो.

अल्ट्राशी बोलणी हंगाम सुरू होण्याआधी करायची, सामन्याच्या सकाळी नाही. क्लबने त्यासाठी एक ठरलेला माणूस नेमावा. युरोपात तिथल्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे यूएफाने, २०१२-१३ पासून आपल्या स्पर्धांचा परवाना हवा असलेल्या क्लबला असा समर्थक-संपर्क अधिकारी सक्तीचा केला आहे. हा माणूस सुरक्षाप्रमुखच असला तर उपयोग शून्य, कारण त्याला कोणी खरं सांगत नाही. बोलायचे विषय बारीक असतात आणि तसेच असावेत: ढोल किती, भोंगा कोणाच्या हातात, झेंड्याच्या काठीची लांबी, पडद्याचं कापड पेट न घेणारं आहे का, तो किती मिनिटांत खाली येईल, खाली बसलेल्यांचा बाहेर जायचा रस्ता त्याने झाकतो का, सामान आत न्यायला फाटक किती आधी उघडायचं. झेंडे-ढोल ठेवायला स्टेडियमात खोली दिली तर उत्तम. शिक्षा करायची वेळ आली की तिची किल्ली परत मागता येते, आणि हा दंड गटाला पैशाच्या दंडापेक्षा जास्त झोंबतो. जर्मनीत याच्या जोडीला ‘फान प्रोयेक्ट’ असतात. तिथले समाजसेवक क्लबचे नोकर नसतात, म्हणूनच पोरं त्यांच्याशी बोलतात.

हूलिगनच्या बाबतीत क्लबने समाजसुधारक होऊ नये. नावावर तिकीट, फाटकावर ओळखपत्र, चेहरा दिसेल असा कॅमेरा, पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळा रस्ता आणि सामना संपल्यावर त्यांना थोडा वेळ आत थांबवून मग सोडणं, एवढं क्लबचं काम. बाकी पोलीस आणि कोर्ट. इंग्लंडमध्ये कोर्ट फुटबॉल बंदीचा हुकूम काढतं. तो किमान तीन आणि तुरुंगवासासह जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो, आणि परदेशातल्या सामन्यांच्या वेळी पासपोर्ट जमा करावा लागतो. बंदी त्या माणसावर असते, स्टँडवर नाही. हेच तिचं बळ.

‘पण प्रेक्षकांनी केलं, त्यात क्लबचा काय दोष?’ हा प्रश्नही दर वेळी येतो. दोष नसला तरी दंड होतो, नियमच तसा आहे. यूएफाच्या शिस्तभंग नियमांत मैदानात घुसणं, वस्तू फेकणं, फटाके पेटवणं, लेझर मारणं यांसाठी क्लब जबाबदार धरला जातो, आयोजनात आपली हयगय नव्हती असं त्याने सिद्ध केलं तरीही. कारण साधं आहे: फेकणारा हजारांत सापडत नाही, क्लब सापडतो. अल्ट्रा हे जाणून असतो. दंड क्लबला बसेल हे माहीत असूनही तो पेटवतो, आणि त्याच क्लबवर प्रेम असल्याचं सांगतो. हा त्याचा खरा दुटप्पीपणा, आणि त्यावर त्याच्याकडे पटेल असं उत्तर नाही.

पेटवण्यावरून आठवलं. ‘फ्लेअर’ या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू दडतात, आणि किनाऱ्यावरच्या माणसाने तरी त्यात गल्लत करू नये. हातात धरायची लाल बत्ती एक. ट्रॉलरवर संकटात दाखवायची हीच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती किमान एक मिनिट जळली पाहिजे आणि दहा सेकंद पाण्याखाली बुडवूनही विझता कामा नये. म्हणजे स्टँडमध्ये कोणाच्या शर्टावर पडली तर बाटलीभर पाण्याने काय होणार? दुसरा पॅराशूट रॉकेट. तो किमान तीनशे मीटर उंच जाण्यासाठी बनवलेला असतो आणि आडवा सोडला की गोळीसारखा जातो. १९७९ मध्ये रोमच्या दोन क्लबांमधल्या सामन्यात, १९९२ मध्ये बार्सिलोनात, १९९३ मध्ये कार्डिफला आणि २०१३ मध्ये बोलिव्हियात ओरुरोला एकेक प्रेक्षक अशाच जहाजी रॉकेटने मेला. बार्सिलोना आणि ओरुरोचे बळी तर शाळकरी पोरगे होते. हातातल्या बत्तीवर क्लब आणि गट यांच्यात वाद घालता येतो. रॉकेटवर बोलणी नाहीत, ज्याच्या खिशात सापडेल तो थेट पोलिसांकडे.

राहिली एक गोष्ट, जिथे क्लबशी असलेलं नातंच नासतं: पैसा. अर्जेंटिनातल्या ‘बार्रा ब्राव्हा’ टोळ्या तिकिटं, गाड्या लावायच्या जागा, प्रवासखर्च यांवर जगतात. तिथे २०१३ पासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना बहुतेक सामन्यांत बंदी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात बोका ज्युनियर्स संघाच्या बसवर हल्ला झाला आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या लिबेर्तादोरेस स्पर्धेची अंतिम लढत थेट माद्रिदला न्यावी लागली. इटलीतही युव्हेंटसचं प्रकरण झालं: स्टँड शांत राहावा म्हणून गटांना तिकिटं दिली जात होती, ती पुढे चढ्या भावाने विकली जात. २०१७ मध्ये क्लबच्या अध्यक्षांवर वर्षभराची बंदी आली. अपिलात ती आटोपती झाली, पण दंड वाढला. २०२४ च्या सप्टेंबरात मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांच्या गटांतल्या म्होरक्यांना अटक झाली, त्यातही तिकिटं आणि पार्किंग होतंच. मैदानात हाडवैरी असलेले गट धंद्यात भागीदार निघाले.

मानकऱ्याला मान द्यायचा असतो, मानधन नाही. कोकणात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही ही मागणी ओळखीची असेल: ‘आमची पोरं आवाज करतील, पन्नास पास काढून ठेवा.’ झेंडे लावायला जागा, ढोलाला कोपरा, आत यायला वेगळं फाटक, एवढं खुशाल द्या. पासांसाठी तिकीट खिडकी दाखवा, आणि प्रत्येकाचं नाव लिहूनच तिकीट फाडा.