महायुद्धांचे अध्यापन : वाचन आणि प्रत्यक्षदर्शींची कथने

पहिल्या (१९१४–१८) आणि दुसऱ्या (१९३९–४५) महायुद्धाचा इतिहास पत्रे, रोजनिशा, आठवणी, मुलाखती व ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वाचायला-ऐकायला देऊन शिकवण्याची पद्धती. युद्धाची कारणे, आघाड्या, तह आणि तारखा पाठ्यपुस्तकातूनच शिकाव्या लागतात. ही पद्धती त्यांच्या जोडीला एकेका माणसाच्या वाट्याला आलेले युद्ध आणते. सांगणारा कोण, तो कोणाला सांगतो आहे आणि कोणाच्या धाकात सांगतो आहे, हे तपासणे हा तिचा गाभा आहे. तो वगळून नुसती करुण पत्रे वाचून दाखवली, तर वर्गाला गहिवर येतो, पण इतिहास हाती लागत नाही.

शाळेत मूळ साधने वापरण्याला मोठी चालना ब्रिटनमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या स्कूल्स कौन्सिलच्या इतिहास प्रकल्पाने दिली. १३ ते १६ वयाच्या मुलांनी इतिहास पाठ करण्यापेक्षा पुराव्यावरून तो कसा उभा राहतो हे शिकावे, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत शिक्षण-मानसशास्त्रज्ञ सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार आणि शाळकरी मुले एकच कागद कसे वाचतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतिहासकार आधी लेखकाचे नाव आणि कागदाचा उगम पाहत, मुले पहिल्या ओळीपासून थेट मजकूर वाचत सुटत. कागद कोठून आला, तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला आणि दुसरा पुरावा त्याला दुजोरा देतो का, हे तीन प्रश्न आज या पद्धतीचा पायाच मानले जातात.

सेन्सॉरच्या हाताखालून गेलेली पत्रे

या प्रश्नांचे मोल फ्रान्समधील भारतीय शिपायांच्या पत्रांइतके स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसते. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय फौजा मार्सेय बंदरात उतरल्या. फितुरीचा प्रचार पलटणींत शिरेल या भीतीने सरकारने त्यांच्या टपालावर नजर ठेवायला बूलोन्य येथे सेन्सॉरची कचेरी उघडली. तिचे प्रमुख कॅप्टन एव्हलिन हॉवेल. तेथे पत्रांतील निवडक उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांकडे अहवाल जात. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतेक उरलेली नाहीत.

म्हणजे आज वर्गात येणारे एकेक पत्र किती हातांतून गेले आहे पाहा. शिपायाला लिहिता येत नसेल तर तो लिहिणाऱ्याला मजकूर सांगे. पलटणीतला अधिकारी ते तपासणार, पुढे कचेरीतला सेन्सॉर वाचणार, हे दोघांनाही ठाऊक असे. घरी पत्र पोचले की तेही कोणीतरी वाचून दाखवायचे, चार माणसांत. त्यातून सेन्सॉरला जो उतारा महत्त्वाचा वाटला तेवढाच आपल्यापर्यंत आला, तोही इंग्रजीत. इतके असूनही शिपाई मनातले सांगून गेले. काही पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची यांचा हिशेब येतो: काळी किती खर्ची पडली, लाल किती शिल्लक आहे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे सोजीर. घरच्यांनी त्यातून ओळखायचे की आपली माणसे फार मरताहेत, आणखी कोणाला भरतीला पाठवू नका. सेन्सॉरनी ही खूण ओळखली होती, म्हणून तर ती अहवालात नोंदली गेली.

असे एक पत्र मुलांपुढे ठेवले की शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. भांडाराच्या हिशेबाची वाटणारी ओळ एवढी जपून का लिहिली, असा प्रश्न मुलांनाच पडतो. तेथून साम्राज्य, भरती आणि सेन्सॉरशिप हे विषय आपोआप निघतात. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मरण पावले, हा आकडा त्यानंतर सांगितला तर त्याला वजन येते. आधी सांगितला तर तो परीक्षेपुरता उरतो.

ऐकण्याच्या साधनांत बर्लिनचा ध्वनिसंग्रह याच तोडीचा आहे. बर्लिनजवळ वुन्सडोर्फ येथे जर्मनांनी मुसलमान व भारतीय युद्धकैद्यांसाठी छावणी उभारली होती. त्यांना ब्रिटिशांविरुद्ध वळवावे हा हेतू होता, आणि त्याचसाठी १९१५ मध्ये तेथे लाकडी मशीदही बांधण्यात आली. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी या कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल सिंग नावाच्या कैद्याने कर्ण्यापुढे उभे राहून स्वतःची कथा सांगितली, ती ‘एक माणूस होता’ अशा तिऱ्हाइताच्या सुरात. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खात असे, दूध पीत असे. तो इंग्रजांच्या नोकरीत शिरला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडले. आता त्याला हिंदुस्थानात परत जायचे आहे, तेथे गेला तर तेच अन्न मिळेल. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे लक्ष भाषेच्या नमुन्याकडे होते. घरची ओढ त्या नमुन्यात मल सिंगने स्वतः घातली. ऐकायला मिनिट-दीड मिनिटाचे हे मुद्रण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कोणत्याही प्रस्तावनेशिवाय कळते.

एकाच दिवसाच्या दोन नोंदी

दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात जगभरच्या शाळांत सर्वाधिक वाचली जाणारी रोजनिशी ॲन फ्रँकची. आम्सटरडॅममध्ये नाझींपासून लपून राहिलेल्या या ज्यू मुलीने १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, लिहायला सुरुवात केली. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे, आणि ४ ऑगस्टला लपलेले सगळे पकडले गेले. इतके बहुतेक वर्गांत सांगितले जाते. याहून मोलाची गोष्ट अनेकदा राहून जाते. २८ मार्च १९४४ रोजी निर्वासित डच सरकारचे शिक्षणमंत्री गेरिट बोल्केस्टाइन यांनी लंडनहून रेडिओवर आवाहन केले की सामान्य लोकांनी आपली पत्रे आणि रोजनिशा जपून ठेवाव्यात, युद्धानंतर त्यांचा संग्रह केला जाईल. ते ऐकून ॲनने मे महिन्यापासून आपली रोजनिशी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही गाळले, काही नेटके केले. वडिलांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक दोन्ही लेखनांतून सिद्ध झाले, आणि १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीत सारे पाठ शेजारी-शेजारी छापले गेले.

एकाच तारखेच्या या दोन नोंदी मुलांना समोरासमोर वाचायला द्याव्यात, त्याहून चांगला पाठ नाही. पहिली तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी लिहिलेली, दुसरी पंधराव्या वर्षाकडे पोचलेल्या, वाचकाची चाहूल लागलेल्या लेखिकेची. दोन्ही खऱ्याच. प्रत्यक्षदर्शीचे कथनही घडवले जाते आणि तरी ते विश्वासाला पात्र राहते, ही अवघड गोष्ट येथे व्याख्यानाशिवाय समजते. बोल्केस्टाइन यांच्या आवाहनाचेही चीज झाले: आम्सटरडॅमच्या युद्धविषयक संस्थेत आज २,००० हून अधिक रोजनिशा आहेत.

साक्षीदार मागे पडत असताना

पहिल्या महायुद्धाचा एकही सैनिक आता हयात नाही, आणि दुसऱ्याचे साक्षीदार झपाट्याने कमी होत आहेत. जपानमध्ये अणुबाँबपीडित म्हणून नोंद असलेल्यांची संख्या २०२५ मध्ये १ लाखाच्या खाली गेली. हिरोशिमा शहराने २०१२ पासून स्वयंसेवकांना एकेका पीडिताची हकीकत नीट समजून घेऊन शाळकरी मुलांना सांगण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनकडे ५०,००० हून अधिक चित्रित साक्षी आहेत, मुख्यतः नाझींनी केलेल्या ज्यूसंहारातून (होलोकॉस्ट) वाचलेल्यांच्या. हकीकत तिसऱ्याच्या तोंडून किंवा पडद्यावरून आली की मुलांना उलटा प्रश्न विचारता येत नाही, ही उणीव भरून निघणारी नाही.

दुसरी मर्यादा भावनेची. पश्चिम जर्मनीतील शिक्षणतज्ज्ञांनी १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख येथे ठरवलेल्या तत्त्वांपैकी पहिले असे, की विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्याकडून मत वदवून घेऊ नये. नाझी छावणीतील कैदी किंवा पहारेकरी होऊन प्रसंग वठवण्याचे खेळ वर्गात घेऊ नयेत, असा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाचाही शिक्षकांना स्पष्ट सल्ला आहे. तो रास्तच आहे. अर्ध्या तासाच्या खेळाने त्या यातना कळल्या असे मुलांना वाटणे, हे न कळण्यापेक्षा वाईट.

महाराष्ट्रातील साधने

लिखित, भौतिक आणि मौखिक साधने ही विभागणी महाराष्ट्रातील प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत शिकते. उदाहरणे मात्र ताम्रपट, किल्ले, बखरी आणि पोवाडे अशी असतात. महायुद्धांसाठी हीच विभागणी वापरली तर बरेच काही हाताशी आहे.

मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या. सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे वेढली गेली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. फ्रान्सच्या पत्रसंग्रहात मराठी आवाज तुलनेने थोडा आहे, त्याचे एक कारण हे. आणखी एक उणीव दगडातच दिसते. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, भारतीय शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात अशा विषम वागणुकीबद्दल माफी मागितली. कोण लिहून ठेवले गेले नाही, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तो वर्गात विचारायला महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या चावडीत किंवा देवळाजवळ बसवलेली संगमरवरी पाटी पुरते: या गावातून इतके लोक १९१४–१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नाव एकाचेही नाही. कामी आलेल्यांची नावे मुलांनी आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत शोधावीत. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. खडकीचे युद्धस्मारक आणि मुंबईत मशीद बंदरजवळचे, समुद्रात मेलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक शाळेच्या सहलीत सहज बसणारे आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट तर महायुद्ध शिकवायला मुद्दाम योजावी अशी. सोव्हिएत सत्तेने १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली. त्यांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेलेली होती, त्यामुळे बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, तेच आजचे गांधीनगर. त्या पोलिश मुलांनी म्हातारपणी कोल्हापूरच्या आठवणी लिहून काढल्या आणि काही जण परत येऊन गेले. त्यांच्या आठवणींत छावणीचे दिवस बहुधा सुखाचे दिसतात. त्याआधी सायबेरियात काय सोसले हे जोडीला वाचले, की हे सुख कशाशी ताडून पाहिलेले आहे ते ध्यानात येते.

मुंबईत मौखिक साधनांसाठी गोदीतला स्फोट आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेल्या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. गोदीभागातील जुन्या कुटुंबांत त्या दुपारच्या हकिगती अजून सांगितल्या जातात. आता त्या बहुतेक मुला-नातवंडांच्या तोंडच्या आहेत, म्हणून त्या टिपताना सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले आणि आजीकडून काय ऐकले, हे वहीत वेगवेगळे लिहायला मुलांना शिकवावे लागते. त्याच दिवसांची वर्तमानपत्रे शेजारी ठेवली की युद्धकाळात कोणती बातमी उशिरा आली, कोणती आलीच नाही, तेही तपासता येते.