रुमाह गादांग की तोंगकोनान?

दोन्ही टोकं आभाळाकडे वळलेलं छप्पर आणि खाली ‘इंडोनेशियातलं पारंपरिक घर’ अशी ओळ. अशा फोटोंत दोन वेगळ्याच लोकांच्या घरांची सर्रास सरमिसळ होते. रुमाह गादांग पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंचं, तर तोंगकोनान दक्षिण सुलावेसीच्या डोंगरांतल्या तोराजांचं. मधे समुद्र आणि अख्खं बोर्निओ.

रुमाह गादांग लांबट असतं. लांब बाजू दर्शनी, छपराला सुळक्यांसारखी अनेक टोकं. तोंगकोनानची मात्र अरुंद बाजू पुढे. त्याचं होडीच्या आकाराचं छप्पर इतकं बाहेर झेपावतं की त्याला टेकू द्यायला वेगळा खांब लागतो. त्या खांबावर रेड्यांची शिंगं एकाखाली एक ठोकलेली दिसली, की शंका उरत नाही. घराण्यातल्या अंत्यविधींना कापलेल्या रेड्यांची ती शिंगं. भाताची कोठारं दोन्हीकडे असतात, त्यामुळे ती खूण धरू नका.

खरा फरक आत राहणाऱ्यांत आहे. रुमाह गादांग आईकडून मुलींकडे जातं. लग्न झालेल्या मुलीला त्यात खोली मिळते आणि नवरा तिथे नांदायला येतो. परंपरेने वयात येणारे मुलगे घरात झोपतही नसत. त्यांची पथारी सुराउत, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात. भाच्यांच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी मामावर. हे सगळं कट्टर मुसलमान समाजात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं; मिनांगांना वाटत नाही.

तोराजांमध्ये नातं आई आणि बाप दोघांकडून चालतं. त्यामुळे एकाच माणसाचा अनेक तोंगकोनानांशी संबंध येतो, आणि प्रत्येक ठिकाणच्या कार्याचा खर्चही अंगावर येतो. इथले बहुतेक लोक ख्रिस्ती. तरी अंत्यविधीची ऐपत येईपर्यंत मृतदेह काही महिने, कधी वर्षंही, घरातच ठेवतात. तोवर तो माणूस मेलेला नाही, ‘आजारी’. त्याच्यापुढे जेवण ठेवतात, जाता-येता त्याच्याशी बोलतात. मग रेडे आणायचे. त्यातला पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा सर्वांत महाग.

एक सावधगिरी. पश्चिम सुमात्राची राजधानी पादांगमध्ये सरकारी कचेऱ्यांवरही ते सुळके चढवलेले असतात. तेवढ्यावरून इमारत रुमाह गादांग होत नाही. मिनांगकाबाऊ राजांचा पागारुयुंगचा प्रसिद्ध राजवाडाही २००७ साली वीज पडून जळाल्यावर नव्याने बांधलेला आहे. तिथे आता संग्रहालय आहे.