कमी वेळ अंथरुणात: निद्रानाशावरच्या उपचाराची पार्श्वभूमी

दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी प्रौढांना गोळीआधी सीबीटी-आय हा झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारा वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. उपचार नवा नाही. त्यातला एक प्रभावी भाग ऐकायला मात्र उलटा वाटतो: झोप येत नाही ना, मग अंथरुणात कमी वेळ राहा.

सुरुवात १९७२ ची. रात्रीमागून रात्री कूस बदलत काढल्या की अंथरुणाला पाठ टेकताच जाग यायची सवय लागते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी ओळखलं. त्यांचे नियम साधे होते. डोळे जड झाले तरच आडवं व्हायचं, झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परतायचं, सकाळी रोज एकाच वेळी उठायचं, दिवसा डुलकी नाही.

१९८७ मध्ये झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी याला हिशेबाची जोड दिली. झोप बिघडली की माणूस लवकर आडवा होतो, उशिरापर्यंत लोळतो. झोप तेवढीच राहते, फक्त तुटक होते. म्हणून एक-दोन आठवडे नोंद ठेवायची. समजा अंथरुणात ८ तास आणि झोप साडेपाच, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी ६९ टक्के झोप. मग अंथरुणात साडेपाच तासच: उठणं सकाळी ६ ला पक्कं करून रात्री साडेबाराच्या आत आडवंच व्हायचं नाही. ही टक्केवारी सरासरी ८५ वर गेली की अंथरुणातला वेळ १५ मिनिटांनी वाढवायचा. मूळ पद्धतीत ही रेघ ९० ची होती. पाच तासांखाली सहसा कुणाला नेत नाहीत.

फसतं ते पहिल्या दोन आठवड्यांत. दिवसा झापड येते आणि उपचार लागू पडत नाही असं वाटून लोक दुपारी झोपतात किंवा सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतात. खरं तर रात्री झोप आणणारी ती झापड हेच इथलं औषध. दुपारच्या तासाभराच्या झोपेत ते वाया जातं. या काळात वाहन चालवताना मात्र जपायलाच हवं.

गोळीशी तुलना चार्ल्स मोरिन यांच्या गटाने १९९९ मध्ये वयस्क रुग्णांवर केली. सुरुवातीला टेमाझेपॅम ही झोपेची गोळी आणि वर्तनोपचार दोन्ही उपयोगी ठरले. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात वर्तनोपचाराचा फायदा जास्त टिकला.

‘चहा-कॉफी टाळा, खोली अंधारी ठेवा’ हा सल्ला सगळ्यांच्या ओळखीचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ मध्ये तो एकटा उपचार म्हणून वापरू नये असं सुचवलं, आणि ते योग्यच झालं. एवढ्यावरच परत पाठवलेला रुग्ण ‘सगळं करून पाहिलं’ असं मानून बसतो.

वेळ घटवण्याचा भाग सरसकट कुणालाही देत नाहीत. बायपोलर विकारात झोप तोडल्याने उन्माद उसळू शकतो, अपस्मारात झटका येऊ शकतो. घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी त्याचा उपचार.