धोफर (ओमान)

धोफर हा ओमानचा सगळ्यात दक्षिणेकडचा प्रांत. क्षेत्रफळ साधारण ९९,००० चौ. किमी, म्हणजे देशाचा जवळपास एक तृतीयांश भाग. मुख्य शहर सलाला, मस्कतपासून सुमारे १,००० किमीवर. पश्चिमेला येमेन, उत्तरेला सौदी अरेबिया, दक्षिणेला अरबी समुद्र.

किनाऱ्यालगत सलालाचं चिंचोळं मैदान, त्याच्या मागे पश्चिमेकडून पूर्वेकडे अल् कमर, कारा आणि सम्हान या डोंगररांगा, त्यापलीकडे नज्द नावाचं रखरखीत पठार आणि मग थेट रुब अल् खालीचं वाळवंट. इथलं सगळं आयुष्य खरीफवर चालतं. खरीफ म्हणजे जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा धुक्याचा आणि भुरभुर पावसाचा मोसम. नैऋत्य वाऱ्यांमुळे किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, खालचं थंड पाणी वर येतं, त्यावरून येणारी दमट हवा गारठते आणि वरच्या गरम कोरड्या हवेच्या थराखाली अडकून डोंगराला टेकते. पाऊस तसा फार पडत नाही, पण झाडांच्या पानांवर धुकं साठून ठिबकत राहतं आणि त्यावरच समुद्राकडच्या उतारांवरचं जंगल जगतं. ही झाडी तोडली किंवा उंटांनी खाऊन संपवली की धुकं असूनही जमिनीला पाणी मिळत नाही, ही इथली खरी काळजीची गोष्ट आहे.

ज्याच्यामुळे धोफर जगाला माहीत झाला तो लोबान मात्र (बॉस्वेलिया सॅक्रा या झाडाचा डिंक) मुख्यतः डोंगरामागच्या कोरड्या भागातून येतो, जिथे मोसमाचा गारवा पोचतो पण धुकं पोचत नाही. आपल्याकडची सालई याच कुळातली. मनकफ नावाच्या हत्याराने साल खरवडतात, काही दिवस थांबतात, परत खरवडतात. पहिल्या खेपेचा डिंक हलका, नंतरचा चांगला. प्रतींमध्ये होजरी सर्वात वरची मानतात, किनाऱ्याकडची शाबी स्वस्त.

लोबानाच्या व्यापाराचं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे ताका आणि मिरबात यांच्या मधल्या खोर रोरी खाडीवरचं सुम्हुराम, आणि ते कधी वसलं यावर बराच वाद आहे. वेशीतल्या शिलालेखांवरून एवढं नक्की की ही हद्रमौतच्या (आजच्या येमेनमधल्या प्राचीन राज्याच्या) राजाने वसवलेली वसाहत. आधीच्या संशोधकांनी शिलालेखातल्या राजाचं नाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातल्या इलेआझोस राजाशी जुळवलं आणि स्थापना इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरली. १९९७ पासून काम करणाऱ्या पिसा विद्यापीठाच्या पथकाने मात्र उत्खननातल्या थरांवरून ती इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेली. एकाच नावाचे राजे एकाहून जास्त असू शकतात, त्यामुळे नुसत्या नावाच्या जुळणीपेक्षा थरांचा पुरावा जास्त भरवशाचा वाटतो. वस्ती साधारण पाचव्या शतकात उठली असावी. खाडीचं तोंड वाळूने बुजत गेलं हे त्यामागचं एक कारण मानतात. पेरिप्लसमधलं मोस्खा बंदर ते हेच, हे मत बहुतेकांना मान्य आहे, आणि त्या ग्रंथात असंही म्हटलंय की बॅरिगाझाहून (म्हणजे भडोचहून) आणि मलबारकडून उशिरा निघालेली जहाजं इथे हंगाम काढत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान घेत. इथे तमिळ-ब्राह्मी अक्षरांचं खापर सापडलंय, भारतीय मातीची भांडीही, त्यामुळे हे वर्णन पोकळ नाही.

वाळवंटाच्या कडेला असलेल्या शिस्र इथले अवशेष म्हणजे हरवलेलं उबार शहर, असं १९९२ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे जाहीर झालं आणि खूप गाजलं. पण तिथे आहे ती विहिरीभोवतीची छोटी गढी, आणि उबार हे शहर नसून एखादा प्रदेश किंवा जमात असावी हे मत जास्त पटण्यासारखं आहे. शिस्र, सुम्हुराम, अल् बलीद आणि वादी दौका (लोबानाच्या झाडांचं खोरं) मिळून २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अल् बलीद हे मध्ययुगीन बंदर. चौदाव्या शतकात इब्न बतूताने इथून भारतात घोडे जातात, इथे नारळ आणि विड्याची पानं होतात आणि जनावरांना सुके मासे घालतात असं लिहून ठेवलंय. नारळ आणि सुक्या माशांचा चारा आजही आहे.

१९६५ मध्ये इथे सुलतानाविरुद्ध बंड सुरू झालं. १९७० मध्ये सुलतानाचे पुत्र काबूस यांनी वडिलांना सलालातच पदच्युत केलं, आणि ब्रिटिश, इराणी, जॉर्डनी मदतीने १९७५-७६ पर्यंत ते बंड शमलं.

आताचा पैसा मुख्यतः सलाला बंदर (कंटेनर टर्मिनल १९९८ पासून), तिथलं मुक्त व्यापार क्षेत्र, मरमूलचं जड तेल आणि खरीफमधले आखाती पर्यटक यांच्यातून येतो. मिरबात-सदाहकडे अबलोन शिंपल्याची मासेमारी थोड्याच दिवसांची असते आणि माल पूर्व आशियात जातो.

डोंगरातले लोक शेहरी (जिब्बाली) बोलतात, वाळवंटाकडे मेहरी. या अरबीच्या बोली नाहीत, सेमिटिक कुळातली वेगळी शाखा आहे. शिलालेखांमधल्या प्राचीन दक्षिण अरबीपासून त्या निघाल्या हे मत आता मागे पडलंय. दोन पुरुष खंजीर घेऊन नाचतात तो ‘बरआ’ २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आला. शेहरीला स्वतःची लेखनपरंपरा नसल्याने तिची गाणी तोंडीच चालत आली, आणि ब्रिटिश भाषाअभ्यासक जॉनस्टनचा १९८१ चा जिब्बाली शब्दकोश अजूनही अभ्यासकांना लागतोच.