वाटीला लागलेलं तूप आणि कॉफीचा कडूपणा

आमच्या जालन्याच्या घरात कॉफीला मान फक्त दोन प्रसंगी. कुणाला सर्दी-ताप आला की, नाहीतर रात्री जागरण असलं की. दोन्ही वेळेला ती दुधात उकळलेली, गोड आणि वरून जायफळ किसून घातलेली. एरवी राज्य चहाचं. त्यामुळे मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीनं किराणा दुकानातून दोन रुपयांच्या पुड्यांची आख्खी माळ आणली, तेव्हा आईच्या कपाळावर आठी पडलीच.

भाचीला करायची होती फेटलेली कॉफी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ‘दालगोना’ नावानं जिचे फोटो सगळ्या मोबाइलांवर फिरत होते, तीच. आपल्याकडे कप-चमचा घेऊन कॉफी फेटायची पद्धत त्याआधीपासून आहे. नाव तेवढं कोरियातून आलं. प्रमाण सोपं: दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी. ती फेटायला बसली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वाटीत काळं पाणी ते काळं पाणीच.

“कामून गं इतकं घोटायलीस? ताक हाय का ते?” आई म्हणाली.

“फुगतच नाहीये, आज्जी.”

मी वाटी नाकाशी नेली. सकाळी पोळ्यांना लावायचं तूप त्याच वाटीत होतं. वरवर विसळलेली, पण बोट फिरवलं की तुळतुळीत. दोष तिथंच होता.

फेस म्हणजे पातळ पापुद्र्यात कोंडलेली हवा. नुसतं पाणी असा पापुद्रा धरून ठेवू शकत नाही. कॉफीच्या बिया भाजताना तपकिरी रंगाचे मोठे मोठे रेणू तयार होतात, त्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. ते, थोडी प्रथिनं आणि कॉफीतली लांब साखळ्यांची शर्करा मिळून हवा आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात आणि बुडबुड्याला अस्तर लावतात. साखरेचं काम वेगळं. तिच्यामुळे पाणी पाकासारखं दाट होतं आणि बुडबुड्यांमधून खाली ओघळायला वेळ लावतं. तुपाचा एक थेंब मात्र या अस्तरावर पसरतो, तिथला पापुद्रा पातळ करतो आणि बुडबुडा फुटतो. तेलकट कढईत साबणाचा फेस बसतो, तसंच. वाटी गरम पाण्यानं आणि साबणानं घासली, कोरडी केली, आणि त्याच माळेतल्या नव्या कॉफीनं आठ मिनिटांत रंग बदलला. गडद काळपट होती ती फिक्या बदामी रंगाची झाली. यात नवा रंग कुठून येत नाही. लाखो बारीक बुडबुडे उजेड इकडेतिकडे विखुरतात, म्हणून फिकं दिसतं. गुळाचा पाक खिळ्याला अडकवून ओढून ओढून रेवडी करताना पाहिलं असेल, तर हे माहीत आहे: काळा पाक हवा शिरली की पांढुरका होतो.

इथवर सगळं मजेत. पहिला घोट घेतल्यावर भाचीनं तोंड वाकडं केलं. “कडू आहे, मावशी.”

कॉफी कडू कशामुळे, याचं उत्तर बहुतेक जण ‘कॅफीन’ असं देतात. ते अर्धवटच आहे. कॅफीन कडू असतं खरं, पण जर्मनीच्या म्युनिक तंत्र विद्यापीठातले थॉमस हॉफमन यांनी २००७ मध्ये मांडलेल्या कामानुसार कॉफीच्या कडूपणात त्याचा वाटा सुमारे १५ टक्केच. कॅफीन काढून टाकलेली कॉफी प्यायलात तरी ती कडू लागते, ती यामुळे. खरा कडूपणा भट्टीत जन्मतो. कच्च्या हिरव्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्लं असतात. बिया मध्यम भाजल्या की त्यांच्यापासून लॅक्टोन नावाची संयुगं तयार होतात आणि सौम्य कडवटपणा येतो. आणखी भाजत गेलं की लॅक्टोन मोडून फिनाइलइंडेन नावाची संयुगं होतात, आणि ती जिभेवर चिवट, घसा धरणारा कडूपणा ठेवतात. वाल किंवा दाणे थोडे जास्त भाजले गेले की काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे.

पुडीवरची बारीक अक्षरंही वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच पुड्यांत कॉफीसोबत चिकोरी असते. ही एका निळ्या फुलांच्या रोपाची मुळी, भाजून दळलेली. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरीत कॅफीन नसतं. दाटपणा, करपट गोडी आणि स्वतःचा कडूपणा मात्र ती आणते. गोड पदार्थात मला थोडी चिकोरी चालते. गार पेयात नको वाटते.

मग कडूपणाचं करायचं काय? साखर ओतणं हा आळशी उपाय. त्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा. दोन कपांत सारखीच काळी कॉफी घ्या, एकात मिठाचे अगदी चार कण टाका, खारट लागणार नाही इतकेच. मीठवाली मऊ लागेल. ब्रेस्लिन आणि बोशां या अमेरिकन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं, आणि कडूपणा दबला की त्याखाली लपलेली गोडी वर येते. भाचीनं डोळे मिटून दोन्ही कप ओळखले. आईनं मात्र “मीठ कॉफीत? उद्या चहात हळद घालाल,” म्हणून हात जोडले.

दुसरा उपाय दूध, आणि इथं मराठवाड्याचं पारडं जड आहे. दुधातली केसीन ही प्रथिनं कॉफीतल्या पॉलिफेनॉल नावाच्या तुरट-कडू संयुगांना धरून ठेवतात, त्यामुळे ती जिभेला कमी भिडतात. साय सुगंधी रेणू विरघळवून घेते आणि सावकाश सोडते. म्हणून आमच्या घरी कॉफीचा सगळ्यात जमलेला पदार्थ कुठला झाला असेल, तर बासुंदी. एक लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवलं, कडेची साय खरवडून आत ढकलत राहिले. पाव वाटीहून थोडी जास्त साखर. गॅस बंद करून पाच मिनिटांनी दोन चमचे इन्स्टंट कॉफी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून घातली. आणि मिठाचे कण.

कॉफी शेवटी का? एक तर तिचा सुगंध उडून जाणारा असतो, उकळत राहिलं की तो स्वयंपाकघरभर जातो आणि भांड्यात कडूपणा राहतो. दुसरं, कॉफी थोडी आंबट असते. दूध आटून दाट झालेलं असताना, गरमागरम, त्यात आंबट काही पडलं की फाटायची भीती. गुळाचा चहा करताना गूळ शेवटी घालतात, त्यामागे हेच आहे.

पण बासुंदी आणि कॉफी एकमेकींना इतक्या शोभतात, त्याचं कारण मला जास्त आवडतं. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये शर्करा आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तापवली की काय होतं, ते वर्णन केलं. रंग तपकिरी होतो आणि खमंग वासाच्या संयुगांची रांग लागते. कॉफीच्या बियांत हीच क्रिया २०० अंशांच्या आसपास वेगानं होते. दूध आटताना दुधातली लॅक्टोज शर्करा आणि प्रथिनं हाच खेळ मंद आचेवर तासभर खेळतात. खव्याचा बदामी रंग आणि वास त्यातूनच येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. तो पाव किलो खवा मंद परतून, गार करून, त्यात पिठीसाखर आणि दीड चमचा कॉफी मळली की पेढे तयार. पाण्याचा थेंबही नको.

श्रीखंड फसलं. चक्क्याच्या आंबटपणात कॉफीचा कडूपणा मिसळला की औषधासारखं लागतं. ते मी पुन्हा करणार नाही.

कुल्फीबाबत एकच सूचना: मिश्रण कोमट असताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. गार जिभेवर गोडी मंद होते. वितळलेली कुल्फी खूप गोड लागते, ते याचमुळे. फ्रीजरला जमत नसेल तर गल्लीतल्या मटका कुल्फीवाल्याची युक्ती आहेच. बर्फात खडेमीठ घातलं की मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली जातं, उणे २१ अंशांपर्यंतसुद्धा.

आता गार पेय. यासाठी इन्स्टंट नको, जाडसर दळलेली, चिकोरी नसलेली कॉफी हवी. पन्नास ग्रॅम कॉफी अर्धा लिटर गार पाण्यात बारा तास, मग सुती फडक्यातून गाळायची. गार पाण्यात कडू संयुगं कमी उतरतात. कॅफीनचंच पाहा: उकळत्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ६६ ग्रॅम विरघळू शकतं, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम २. अर्थात कॉफीत ते त्याहून फार कमी असतं, त्यामुळे बारा तासांत बरंचसं उतरतंच. पाणी गार म्हणून कॅफीन नाही, असं समजू नका. पाणी माठातलं घेतलं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जसा गार करतो, तसा कोकणच्या दमट हवेत करत नाही. तिथं माठाच्या अंगावरचं पाणी लवकर वाळत नाही. भिजवण मात्र फ्रीजमध्येच ठेवा. मे महिन्यातली आमच्याकडची रात्र काही गार नसते.

जालन्याची मोसंबी मानांकनवाली. पेल्यात तळाला मोसंबीचा रस आणि दोन चमचे साखर, वर बर्फ, मग चमच्याच्या पाठीवरून गार काळी कॉफी हळूच सोडायची. साखरेनं रस जड होतो, म्हणून कॉफी वर तरंगते आणि पिवळ्या-काळ्या थरांची सीमा दिसते. एक घोळ आहे. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडवट होतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बिनकडू पदार्थ असतो, रसातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचं लिमोनिन होतं, आणि ते जबर कडू. कॉफीचा कडूपणा आवरायचा आणि मोसंबीचा वाढवायचा, हे काय कामाचं? रस ऐनवेळी काढायचा, बिया चिरडायच्या नाहीत.

मोठ्यांसाठीच्या पेयांबद्दल थोडक्यात. आयर्लंडमधल्या फॉइन्सला जो शेरिडन यांनी १९४०च्या दशकात व्हिस्की घातलेल्या गोड कॉफीवर साय तरंगवली. लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल यांनी १९८०च्या दशकात व्होडका आणि एस्प्रेसो, म्हणजे दाट काळी कॉफी, खळखळवून फेसाळ कॉकटेल केलं. साय तरंगते ती थर तरंगतात त्याच हिशेबानं. पण कॅफीन दारूची झोप घालवतं, नशा नाही. रक्तातली दारू तेवढीच राहते आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. म्हणून मी घरी ही पेयं दारूविनाच करते.

त्या रात्री भाचीनं दोन वाट्या कॉफीची बासुंदी खाल्ली. दीड वाजता गच्चीवर गादी टाकलेल्या आम्ही तिघी, आणि ती टक्क जागी, चांदण्या मोजत. मेंदूत दिवसभर साचत जाणारं अॅडेनोसिन झोप आणतं; कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं, आणि शरीरातलं निम्मं कॅफीन निघायलाच पाचेक तास लागतात. मी तिला हे समजावत होते, तेवढ्यात आईनं कूस बदलली.

“जायफळ घातलं असतंस तर झोपली असती लेकरू.”