खाज नसलेल्या बाबांनाही मलम लावा

कळव्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. चार महिन्यांचं बाळ रात्र रात्र किरकिरतं, अंगभर पुळ्या. आजी म्हणते घामोळं, शेजारीण म्हणते उष्णता. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशा मलमात अनेकदा स्टिरॉइड असतं. ते खाज दाबतं, पण खरूज असेल तर तिचा किडा मारत नाही. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर फोड असतील तर आधी खरजेचा संशय घ्यावा.

खरजेच्या किड्याची मादी जेमतेम ०.४ मिलिमीटरची. त्वचेच्या अगदी वरच्या थरात ती बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. खाज येते ती या किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची ॲलर्जी झाल्यामुळे. पहिल्यांदा लागण होते तेव्हा ही ॲलर्जी जागी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस खाजवत नाही, पण खरूज मात्र पसरवतो. बाळाला कुशीत घेऊन झोपणारे बाबा, मालिश करणाऱ्या मावशी, सगळे ‘मला काही नाही’ म्हणून खरजेचं मलम टाळतात आणि बरं झालेलं बाळ महिन्याभरात पुन्हा फोडांनी भरतं. औषध फुकट गेलं असं वाटतं, पण पुष्कळदा चूक एवढीच असते.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं. सहसा किडा मारणारं ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम देतात. मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा. बाळाच्या डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे आणि तोंड सोडून. आठ ते चौदा तास ठेवायचं, हात धुतले तर तिथे पुन्हा लावायचं. बाळ मुठी चोखतं, तेव्हा हातमोजे घाला. आठवड्याभराने सगळ्यांनी मलम पुन्हा एकदा लावायचं. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर डॉक्टर बहुधा गंधकाचं मलम देतात. स्वतःच्या मनाने काही लावू नका.

सासरी-माहेरी ‘घर अस्वच्छ असेल’ म्हणून आईला बोल लावतात, ते मला फार लागतं. दुसऱ्या महायुद्धात केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या शेफील्डला स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांनी वापरलेल्या कांबळ्यांत झोपवलं. लागण क्वचितच झाली. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते, आणि लहान खोलीत ते टळत नाही. तरी अंथरुण-कपडे गरम पाण्यात धुवावेत. पावसाळ्यात गोधडी वाळत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवावी, एवढ्यात किडे मरतात.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते, कारण मेलेले किडे अजून त्वचेतच असतात. बाळाच्या काखेतल्या तांबूस गाठी तर काही महिने टिकतात. त्या पाहून मलम पुन्हा पुन्हा चोपडू नका. महिन्यानंतरही नवे फोड येत असतील, तर मात्र सगळ्या घराने मिळून डॉक्टरांकडे जा, मालिशवाल्या मावशींनाही सोबत घेऊन.