जोडा का चावतो? मापाला येण्यापूर्वी हे वाचा

आमच्या दुकानात मागच्या भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले आहेत. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. त्यावर कातडं चढवून बूट शिवतात. त्यातले काही आजोबांनी तासलेले. एकाच्या अंगठ्यापाशी कातड्याच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या दिसतील. त्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्याचं हाड वर्षागणिक बाहेर येत गेलं आणि वडील दर खेपेला एक पट्टी वाढवत गेले. माणूस तोच, नंबर तोच, पाय मात्र तो राहिला नाही.

म्हणून "माझा नंबर आठ, मापाला कशाला येऊ?" असं फोनवर विचारलंत, तरी आमचं उत्तर 'या' हेच असतं. नंबर फक्त लांबी सांगतो. इंग्लिश पद्धतीत एका नंबरामागे एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेर. चवड्याची रुंदी आणि पावलाची वरची उंची त्यात कुठेच नसते, आणि जोडा बहुतेक वेळा तिथेच चावतो.

मापाला संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे रोज घालता तेच घालून या. माप उभं राहूनच घेऊ, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेलं गिऱ्हाईक आम्हाला क्वचितच भेटलंय, त्यामुळे दोन्ही मोजतो. (युरोपात साधारण १६०० ते १८०० या काळात डाव्या-उजव्या पायाला एकसारखेच सरळ जोडे सर्रास शिवले जात. त्या लोकांच्या करंगळ्यांचं काय होत असेल!) जुने बूटही सोबत आणा, आणि कृपा करून पॉलिश करून नको. कुठली कड झिजली आहे ते आम्हाला बघायचं असतं. वडील तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी टाचेकडे.

"एवढे दिवस का?" हा नेहमीचा प्रश्न. कातडं फर्म्यावर ताणून बसवायचं यंत्र यान मॅट्झेलिगर यांनी केलं. १८८३ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि हाताने दिवसाला पन्नासेक जोड जिथे व्हायचे तिथे शेकड्यांनी होऊ लागले. यंत्र वाईट नाही. पण आम्ही चिमट्याने ओढतो, खिळे मारतो आणि आठवडाभर तसंच ठेवतो. कातड्याने फर्म्याचा आकार धरावा म्हणून. ही वाट कमी केली की बूट महिन्याभरात फेंगडा होतो.

नवा जोड पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला. कातडं रुंदीला सैल पडतं, लांबीला वाढत नाही. त्यामुळे अंगठा पुढे टेकत असताना "वापरून होईल सैल" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. आम्ही म्हणालो तरी ऐकू नका.

भिजलेला बूट शेकायचा नाही. शिकाऊ असताना मी एक जोड शेगडीजवळ ठेवला होता. सकाळी तळ वर वळलेला, कडेला भेगा. वडील काही बोलले नाहीत, रापी पुढे सरकवली आणि सगळी शिवण मलाच उसवायला लावली. आत कागद कोंबा, सावलीत ठेवा, कागद ओला झाला की बदला. आणि एकच जोड रोज वापरू नका; पायाचा घाम सुकायला मधला एक दिवस लागतो.

आमच्या बुटांना कडेने कातड्याची पट्टी असते, तिला वेल्ट म्हणतात. तळ त्या पट्टीला शिवलेला असतो, त्यामुळे वरच्या कातड्याला हात न लावता तो बदलता येतो. मात्र झीज वेल्टपर्यंत पोचायच्या आत आणा, नाहीतर पट्टीच नवी घालावी लागते. आणताना दोन्ही बूट आणा. एकाच बुटाला नवा तळ लावला, तर माणूस लंगडत घरी जातो.